धरलाय कडा

वांजुळवाडीच्या डोक्यावर जो काळा, उभा कडा आहे, त्याला सगळे धरलाय कडा म्हणतात. त्याच्या पोटाला आग्या मोहोळे लोंबतात. वर, अगदी काठाच्या खडकावर, दोर घासून घासून बोटभर खोल खाच पडली आहे. पाहुणे आले की वाडीतले म्हातारे हिरामणबाबा आधी त्यांना त्या खाचेत बोट घालायला लावतात. मग म्हणतात, "आता ऐका."

फार पूर्वी, वाडीत सातच घरे होती तेव्हा, बुधा आणि नवशा हे दोन भाऊ इथे मध काढायचे, असे सांगतात. बुधा दोराला बसून खाली उतरायचा, धाकटा नवशा वर दोर धरायचा. खाली धूर एवढा की आपलाच हात दिसू नये. वर पाहावे तर कडा पुढे आलेला, धरणारा दिसतच नाही. म्हणून नवशा सारखा बडबडायचा. गावच्या कुचाळक्या, शिव्या, वेडीवाकडी गाणी. तो आवाज कानावर असला की वर दोर धरलेला आहे, हे बुधाला कळे.

एका वैशाखात नवशा हटून बसला. "यंदा मी उतरणार."

"तू?" बुधा हसला. "तुझं तोंड माश्यांपेक्षा जास्त वाजतं. पोळं सोडून तुझ्याच मागं लागतील. वर बस गप."

"गप काय? बरं! आज तोंड उघडलं तर नवशा नाव नाही माझं!"

बुधा उतरला. धुरातून हाक आली, "नवशा, धरलास ना?"

नवशाने दोर दोन्ही हातांनी आवळला होता, टाच खडकाला रोवली होती. जीव गेला तरी त्याने सोडला नसता. पण तो बोलला नाही. पुन्हा हाक आली. त्याला हसूच फुटत होते. अजून एकदा विचारू दे, मग सांगतो, असे त्याने मनाशी ठरवले. तिसरी हाक बारीक होती, घाबरलेली. ती ऐकून त्याने तोंड उघडले, तेवढ्यात हातातला दोर हलका झाला. पोरगा दोर कुठल्याशा झुडपाला अडकवून रागाने निघून गेला, आता दोर कधीही सुटेल, असे वाटून बुधाने फास सोडला आणि वेलीला धरून चढू पाहिले, म्हणे. वेल तुटली.

गावाने बुधाला ओढ्याकाठी माती दिली. नवशा कड्यावरून हलला नाही. त्याने रिकामा दोर पुन्हा खाली सोडला आणि ओरडत सुटला, "धरलाय रे दादा! धरलाय!" दिवसभर तेच. मग आभाळाकडे तोंड करून देवाला शिव्या. "तूही वर बसलायस ना? मग बोलत का नाहीस? माझ्यासारखाच रुसलास काय? आम्ही खाली धुरात लोंबतोय, एकदा तरी धरलाय म्हण!" समजवायला आलेली म्हातारी माणसे कानांवर हात ठेवून परत गेली.

तिसऱ्या दिवशी ऊन चढता चढता त्याचा घसा बसला. ओठ हलत, आवाज निघेना. आणि दोर जड झाला! हिसका नाही, झटका नाही. माणूस बसावा तसा भार. नवशाचे हात तो भार ओळखत होते. त्याने टाच रोवली आणि ओढू लागला. ओरडणे थांबले म्हणून खालून वाडी धावत आली. बाया, पोरे, शिव्या ऐकून गेलेली म्हातारी माणसेसुद्धा दोराला लागली. वर काय आले? दोराच्या टोकाला लाखो माश्या लगडलेल्या, पुरुषभर लांबीचा जिवंत, गुणगुणता घोस! नवशाने त्याला मिठी मारली. एकही माशी चावली नाही, म्हणे. क्षणभराने त्या उठल्या आणि कड्याला परतल्या.

देव बोलला असे नवशा कधी म्हणाला नाही. तो एवढेच म्हणायचा, "बोल नाही आला, पण हाताला भार आला."

आजही दोर धरणाऱ्याला इथे गप्प बसायची मुभा नाही. घरात अबोला असेल तर आधी तो मोडतात, मगच दोर खाली सोडतात. शेवटचे पोळे निघाले की रिकामा दोर पुन्हा सोडतात आणि सगळी वाडी काठावर उभी राहून घसा फाटेस्तोवर ओरडते, "धरलाय! धरलाय!"

"माश्या येतात का हो अजून?" पाहुणे विचारतात.

हिरामणबाबा दोर त्यांच्याच हातात देतात. "आधी ओरडा तर!"