दांडग्याच्या चुलीवर चिमुकला

एका समुद्रात, उन्हाने उजळलेल्या वरच्या पाण्यात, दोन शैवालभगिनी शेजारी राहत असत. प्रत्येकीचे शरीर म्हणजे एकच पेशी; तेच तिचे घर. एके दिवशी थोरलीच्या घरात एक दांडगा विषाणू घुसला. मुलांनो, विषाणूला स्वतःचे घर नसते. दुसऱ्याच्या घरात शिरून, तेथील साहित्यावरच तो आपली पिल्ले वाढवतो. दांडग्याने आत येताच पिल्ले घडवण्याची चूल मांडली आणि तो गरजला, "पिल्ले तयार झाली, की ही भिंत फोडायची. मग शेजारणीची पाळी!" ते शब्द शेजारी धाकटीने ऐकले.

इतक्यात त्याच वाटेने एक चिमुकला विषाणू आत शिरला. धाकटी ओरडली, "ताई, आणखी एक चोर!"

"चोर आहे खरा, पण माझे काही घेत नाही ग," थोरली क्षीण स्वरात म्हणाली. "त्या दांडग्याच्याच चुलीवर स्वतःचे रांधतो आहे. मला तर काहीच उमगत नाही."

"ए शेंबड्या, ऊठ तिथून!" दांडगा खेकसला.

"चूल पेटलेलीच आहे, आजोबा. माझेही होऊन जाऊ द्या," असे म्हणून चिमुकला तेथेच बसून राहिला.

अखेर भिंत फुटली. थोरली वाचली नाही. परंतु बाहेर पडली ती बहुतेक चिमुकल्याचीच पिल्ले. दांडग्याची जी थोडी होती, ती चूल अडून राहिल्याने अर्धीकच्ची. धाकटीच्या दारापर्यंत पोहोचण्याआधीच ती विरून गेली.

रडावे की आभार मानावे, हे धाकटीला कळेना. "तुम्ही माझा जीव वाचवलात," ती चिमुकल्याच्या एका पिल्लाला म्हणाली, "मग माझ्या ताईचा का नाही?"

पिल्लू गोंधळले. "मावशी, आम्ही कोणालाच वाचवायला आलो नव्हतो. आम्हांला स्वतःची चूल मांडता येत नाही, म्हणून दांडग्याची हवी होती. पुढचा दांडगा कधी येईल हो?"

धाकटीने झटकन दार लोटून घेतले. याला हाकलावे, तर उद्या दांडगा आपल्या घरात शिरल्यावर शेजारी राहणाऱ्या आपल्या लेकींना कोण वाचवील? ठेवून घ्यावे, तर हा दांडग्याचीच वाट पाहत बसणार! पुष्कळ विचार करूनही तिचा गोंधळ सुटला नाही. तरीही तिने दार किलकिले केले.

"ये. कोपऱ्यात निजून राहा. पण तो लवकर यावा, अशी प्रार्थना माझ्या घरात करायची नाही!"

तात्पर्य : एखाद्याच्या कृतीने आपले भले झाले, म्हणून त्याचा हेतूही भला होता, असे मानू नये; मात्र हेतू भला नव्हता, एवढ्यावरून त्याची मदत नाकारूही नये.