ठुमी मुंगीचं निळं घर

एक होतं टेबल. टेबलाला चार पाय, एक खण. टेबल होतं केरूनानांचं. केरूनाना काय करायचे? जुनी जुनी पेनं दुरुस्त करायचे. शाईची पेनं, बरं का! निब पुसायची, शाई भरायची, कागदावर रेघ ओढायची. सुर्रर्र!

त्या टेबलाच्या कोपऱ्यात पडलं होतं एक निळं टोपण. कुठल्या पेनाचं, कुणास ठाऊक! पेन गेलं, टोपण राहिलं.

त्या टोपणात राहायची एक मुंगी. तिचं नाव ठुमी. एवढीश्शी! टोपण हेच तिचं घर. घराला एक दार. घरात एक उशी. उशी कसली? बडीशेपेच्या दाण्याची.

थंडीचे दिवस होते. ठुमी सकाळी साखर आणायला गेली. तुरुतुरु तुरुतुरु. साखरेचा दाणा घेऊन परत आली. तुरुतुरु तुरुतुरु.

बघते तर काय? कोपरा रिकामा! घर नाही, दार नाही, उशी नाही!

"अगोबाई! माझं घर कुठं गेलं? आता थंडीत मी झोपू कुठं?"

ठुमीनं इकडं पाहिलं. ठुमीनं तिकडं पाहिलं. तर टेबलावर आडवं पडलं होतं नानांचं लाडकं लाल पेन. पेन लाल, आणि टोपण? निळं! ठुमीचं घर पेनाच्या डोक्यावर!

ठुमी गेली पेनाकडं. तुरुतुरु तुरुतुरु.

"पेनबाबा, पेनबाबा, माझं टोपण सोडा!

मुंगीला घर मिळेना!"

पेन म्हणालं, "सोडलं असतं गं. पण ते सुटतच नाही! माझं टोपण हरवलं. म्हणून नानांनी हेच दाबून बसवलं. घट्ट बसलंय. शाई वाळली, तिचा झाला डिंक. आणि आत काहीतरी टोचतंय! आई गं!"

"ती माझी उशी!"

"उशी? अशी टोचरी? जा, पाण्याला सांग. कोमट पाण्यात डोकं भिजलं, तर सोडीन. नाहीतर नाही."

टेबलावर होती एक वाटी. वाटीत होतं पाणी. ठुमी गेली पाण्याकडं. तुरुतुरु तुरुतुरु.

"पाण्या रे पाण्या, जरा ताप!

पेन टोपण सोडेना,
मुंगीला घर मिळेना!"

पाणी म्हणालं, "मी? मी तर थंडगार! हुडहुडहुडहुड! बघ, कसा कुडकुडतोय."

"मग चुलीवर बस की!"

"नको गं बाई. उकळलो, तर पेन होईल वाकडं. पेनाला हवं कोमट. जा, उन्हाला सांग. ऊन अंगावर आलं, तर तापेन. नाहीतर नाही."

ऊन कुठं होतं? बाहेर, अंगणात. लोळत पडलं होतं मजेत. ठुमी खिडकीच्या फटीतून डोकावली. तुरुतुरु तुरुतुरु.

"उन्हा रे उन्हा, आत ये!

पाणी तापेना,
पेन टोपण सोडेना,
मुंगीला घर मिळेना!"

ऊन म्हणालं, "येतो की! पण येऊ कुठून? खिडकी तर बंद! मी काय मुंगी आहे, फटीतून यायला? जा, खिडकीला सांग. खिडकी उघडली, तर येईन. नाहीतर नाही."

ठुमी तिथंच वळली. खिडकीवरच तर उभी होती!

"खिडकीबाई, खिडकीबाई, उघडा ना!

ऊन आत येईना,
पाणी तापेना,
पेन टोपण सोडेना,
मुंगीला घर मिळेना!"

खिडकी म्हणाली, "कर्रर्र! मी आपली आपण उघडते होय? मला आहे कडी. कडी काढतात काकू. जा, काकूंना सांग. काकूंनी कडी काढली, तर उघडेन. नाहीतर नाही. कर्रर्र!"

काकू म्हणजे यमुनाकाकू. केरूनानांच्या घरधनीण. काकू बसल्या होत्या शेंगा सोलत. टक् टक् टक्. ठुमी चढली एका शेंगेवर. तुरुतुरु तुरुतुरु.

"काकू, काकू, कडी काढा!

खिडकी उघडेना,
ऊन आत येईना,
पाणी तापेना,
पेन टोपण सोडेना,
मुंगीला घर मिळेना!"

काकू म्हणाल्या, "अगं माझी बाई, कडी काढायला काय जातंय! पण काल काढली, तर वारा आला. ह्यांचे कागद उडाले, ते थेट भाजीवालीच्या पाटीत! मी वांगी घ्यायला गेले, पत्र घेऊन आले! मी नाही कडी काढत. जा, कागदांना सांग. कागद गप्प बसले, तर काढेन. नाहीतर नाही."

ठुमी पुन्हा टेबलावर. तुरुतुरु तुरुतुरु. कागद होते टेबलभर. पांढरे कागद, पिवळे कागद, शाई टिपायचा गुलाबी टीपकागद. फरफर फरफर!

"कागदांनो, कागदांनो, गप्प बसा!

काकू कडी काढेनात,
खिडकी उघडेना,
ऊन आत येईना,
पाणी तापेना,
पेन टोपण सोडेना,
मुंगीला घर मिळेना!"

कागद सगळे एकदम बोलायला लागले. "आम्ही हलके!" "आम्ही पातळ!" "वारा गुदगुल्या करतो!" "फरफर फरफर!" मग टीपकागद म्हणाला, "ए, एकानं बोला रे! ठुमे, जा, दौतीला सांग. दौत आमच्यावर बसली, तर गप्प बसू. नाहीतर नाही."

दौत म्हणजे शाईची बाटली. गोल, गरगरीत, काठोकाठ भरलेली. ठुमी दौतीभोवती फिरली. तुरुतुरु तुरुतुरु.

"दौतमावशी, दौतमावशी, जरा हल!

कागद गप्प बसेनात,
काकू कडी काढेनात,
खिडकी उघडेना,
ऊन आत येईना,
पाणी तापेना,
पेन टोपण सोडेना,
मुंगीला घर मिळेना!"

दौत म्हणाली, "श्श्श! हळू बोल. मी सांडेन! बघ, माझं झाकण उघडं. नाना लावायलाच विसरले. आता हलले, की डुचमळले. डुचमळले, की सांडले. मग सगळे मलाच म्हणणार, दौत वेंधळी! जा, नानांना सांग. नानांनी झाकण लावलं, तर हलेन. नाहीतर नाही."

आता मात्र ठुमीचे पाय दुखायला लागले. सहाच्या सहा पाय! जरा बसली. साखर चाटली. उठली.

केरूनाना काय करत होते? खणात डोकं घालून काहीतरी शोधत होते. खडबड खडबड! ठुमी चढली नानांच्या कानावर.

"नाना, नाना, झाकण लावा!

दौत जागची हलेना,
कागद गप्प बसेनात,
काकू कडी काढेनात,
खिडकी उघडेना,
ऊन आत येईना,
पाणी तापेना,
पेन टोपण सोडेना,
मुंगीला घर मिळेना!"

नाना म्हणाले, "काय? कोण? ऐकू नाही आलं. पुन्हा सांग."

पुन्हा! एवढं सगळं! ठुमीनं मोठ्ठा श्वास घेतला. तुम्हीपण घ्या हं. म्हणा तिच्याबरोबर!

"दौत जागची हलेना,
कागद गप्प बसेनात,
काकू कडी काढेनात,
खिडकी उघडेना,
ऊन आत येईना,
पाणी तापेना,
पेन टोपण सोडेना,
मुंगीला घर मिळेना!"

नानांनी डोकं वर काढलं. म्हणाले, "ठुमे, ते निळं टोपण तुझं घर होतं? मला वाटलं, पडलंय कुणाचं तरी!"

तिकडून काकू म्हणाल्या, "कुणाचं तरी म्हणजे कुणाचं तरी असतंच ना!"

नाना हळूच म्हणाले, "चुकलंच माझं. पण ठुमे, माझं लाल टोपण घरंगळून गेलं गं. सकाळपासून शोधतोय. टोपण नाही, तर निब वाळेल. निब वाळली, तर पेन लिहील कसं? ते माझ्या वडिलांचं पेन! ते लाल टोपण सापडल्याशिवाय मी दुसऱ्या कशाला हात लावत नाही."

"लाल टोपण?" ठुमी म्हणाली.

"लाल टोपण."

"त्याला तांब्याचं कडं?"

"हो हो, तांब्याचं कडं!"

"अहो नाना! ते तर कपाटाखाली! आमच्या वाटेत आडवं आलंय! सकाळपासून आम्ही त्याला वळसा घालतोय!"

काकू म्हणाल्या, "मी कधीची सांगतेय, कपाटाखाली बघा म्हणून!"

नाना म्हणाले, "अगं, माझी कंबर वाकते का?"

ठुमीची कंबर तर वाकायलाच नको. ठुमी गेली कपाटाखाली. तुरुतुरु तुरुतुरु. तिनं मारली हाक, "बहिणींनो, या गं!"

आली एक मुंगी. आल्या दोन मुंग्या. आली मुंग्यांची लांबच लांब रांग!

"ओढा गं ओढा, हैशा!
ढकला गं ढकला, हैशा!"

टोपण हललं. टोपण फिरलं. टोपण निघालं. गडगड गडगड गडगड! आणि आलं कुठं? थेट नानांच्या अंगठ्यापाशी. टक्क!

"सापडलं!" नाना म्हणाले. "हुश्श!"

आणि मग काय झालं माहीत आहे?

नानांनी झाकण लावलं. गरगर, गरगर, घट्ट! दौत म्हणाली, "हुश्श! आता नाही सांडत."

दौत कागदांवर बसली. धप्प! कागद गप्प बसले. एक फर नाही, की दोन फर नाही.

काकूंनी कडी काढली. खट्ट! खिडकी उघडली. कर्रर्र! वारा आला, कागदांना म्हणाला, चला! कागद म्हणाले, आज नाही.

ऊन आत आलं. वाटीत जाऊन बसलं. पाणी म्हणालं, "हुश्श! गेली थंडी." पाणी तापलं. फार नाही हं. कोमट कोमट.

नानांनी पेनाचं डोकं पाण्यात बुडवलं. जरा थांबले. ठुमी वाटीच्या काठावर बसली. पेन सोडेल का? नाही सोडणार? सोडेल का?

पाण्यात उतरली एक निळी रेघ. मग दुसरी. नानांनी टोपण हळूच फिरवलं. थोडं इकडं, थोडं तिकडं.

पुच्च… टप्प!

पेनानं टोपण सोडलं! पेन म्हणालं, "हुश्श हुश्श हुश्श! किती बरं वाटलं!"

नानांनी पेन पुसलं. त्याचं लाल टोपण त्याला घातलं. दाबायला लागलं? मुळीच नाही. आपलं आपण बसलं. टिक्!

नानांनी ठुमीचं टोपण पुसलं. उन्हात वाळवलं. कोपऱ्यात होतं तिथं, होतं तसं ठेवलं. ठुमी आत शिरली. घर होतं, दार होतं, उशीपण होती. पण उशी झाली होती निळी!

"नाना, माझी उशी निळी!"

"मग? घर निळं, उशी निळी. झाक नाही का जुळली?"

ठुमी हसली. उशीवर डोकं ठेवलं. "हुश्श!"

मग नानांनी घेतलं एक पांढरं कागदाचं चिटोरं. घेतलं लाल पेन. दौतीचं झाकण काढलं, पेन बुडवलं, निब झटकली, आणि लिहिलं. सुर्रर्र! सुर्रर्र! टीपकागदानं टिपलं. चिटोरं लावलं घराच्या दाराशी.

ठुमी बाहेर आली. पाटीभोवती फिरली. शाईचा छान वास आला.

"नाना, यावर काय लिहिलंय?"

"लिहिलंय, हे ठुमीचं घर आहे. हात लावू नये."

"पण नाना, मला कुठं वाचता येतं!"

"अगं, मला येतं ना," नाना म्हणाले. "पाटी माझ्यासाठीच आहे."

काकू खुदकन हसल्या. शेंगेचा एक दाणा त्यांनी ठुमीच्या दाराशी ठेवला.

पेनाला मिळालं लाल टोपण,
ठुमीला मिळालं निळं घर,
आणि गोष्टीला लावलं झाकण. टिक्!