बारावी जोडी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगरावरचं धुकं सकाळी गावात उतरायचं आणि दुपारपर्यंत लोकांच्या ओसरीवर बसून राहायचं. अशाच एका धुक्याच्या गावात एक म्हातारे बीनकारबुवा राहत होते. त्यांचा कान साऱ्या राज्यात नावाजलेला. सूर केसभर हलला, तरी जेवताना त्यांचा घास हातातच थांबायचा. त्यांचा एकट्याचाच नव्हे, पंगतीतल्या सगळ्यांचा. कारण मग बुवांचं बोलणं सुरू व्हायचं.

बुवांच्या घरी एक पियानो होता. सातासमुद्रापलीकडून गलबतातून आलेला, बायकोला तिच्या माहेरानं दिलेला. ती गेली आणि पियानोची देखभाल बुवांकडे आली. ती त्यांनी मनापासून केली. पियानो ओल्या भिंतीपासून हातभर दूर ठेवला, कसर लागू नये म्हणून आत लवंगांची पुरचुंडी टांगली, पट्ट्या रोज मऊ मलमलीनं पुसल्या. पण धुक्याच्या ओलीपुढे कुणाचं चालतं? तारा उतरल्याच.

सूर लावणारा कारागीर वर्षातून एकदा यायचा. या खेपेला बुवांनी त्याला दारातूनच परत पाठवलं.

"तू प्रत्येक सूर किंचित उतरता लावतोस. मला ऐकू येतं. ही तडजोड माझ्या घरी नको."

"बुवा, या वाद्याला तसंच लावावं लागतं," कारागीर म्हणाला.

"ते तुझ्या घरी," बुवा म्हणाले आणि दार लावून घेतलं.

आणि नेमका लेकीचा निरोप आला. एकुलती एक लेक. पण सूर चुकला की बाप थांबवणार, या धास्तीनं पोरीनं वाजवणंच सोडलं होतं. लग्न होऊन गेली, ती फिरकली नाही. आईच्या दिवसांनासुद्धा पाहुण्यासारखी आली आणि गेली. आता तिनं नावाड्याबरोबर सांगून पाठवलं होतं, "वर्षश्राद्धाला येते. आईच्या पियानोवर एकदा वाजवीन. मन रमलं तर राहीन, नाहीतर संध्याकाळच्या नावेनं परत."

बुवांना ठाऊक होतं, ती परत गेली तर कायमची जाईल. त्यांनी तारा पिळायची किल्ली स्वतःच हातात घेतली.

पहिला सूर लावला. षड्जाशी पंचम जुळावा तसा त्याच्याशी दुसरा जुळवला, अगदी निर्मळ. दुसऱ्याशी तिसरा, तिसऱ्याशी चौथा. असे बारा सूर फिरले, की शेवटचा पुन्हा पहिल्याला येऊन भेटतो. अकरा जोड्या अशा लागल्या, की बुवांचेच डोळे भरून आले. मग त्यांनी शेवटच्या आणि पहिल्या सुराची बारावी जोडी छेडली, आणि ती कण्हली.

बुवांनी सगळं उतरवून पुन्हा लावलं. पुन्हा तेच. ओलीला शिव्या घातल्या, किल्लीला घातल्या, कारागिराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तीन दिवस गेले. तिसऱ्या दुपारी ते थकून पियानोवर कपाळ टेकून बसले. खिडकीतून धुकं आत आलं, हळूहळू खोलीभर झालं. त्यांचा डोळा लागला की नाही, देव जाणे.

"बुवा," शेवटची तार म्हणाली, "माझ्यावर का रागावता?"

"तू एकटीच बेसूर आहेस म्हणून. बाकीच्या बघ, कशा शुद्ध आहेत."

"आहेत खऱ्या. तुम्ही त्यांना कधी काही सोडू दिलंत का? प्रत्येकीनं केसभर सोडलं असतं, तर कुणालाच जड गेलं नसतं. कुणीच सोडलं नाही, की ते सगळं शेवटी एकीवर येतं. ते माझ्यावर आलं."

 बुवांना बायको आठवली. त्यांनी कधी हेका सोडला नाही, लेकीनं कधी ताठा सोडला नाही. दोघांची समजूत तीच घालायची. दोघं रुसले, की उपाशी तीच झोपायची. आणि आपण तिला विचारायचो, तू सारखी कण्हतेस का गं?

बुवा लहान मुलासारखे रडले. मग उठले आणि अनवाणीच कारागिराच्या दारी गेले. "चुकलो," म्हणाले. "चल, तुझ्या रीतीनं लाव."

कारागिरानं एकेका सुराकडून केसभर मागून घेतलं. बुवांच्या कानाला ते टोचत होतं. त्यांनी सोसलं. बारावी जोडी वाजली तेव्हा ती कण्हली नाही. साधीशी वाजली, बाकीच्यांसारखीच.

श्राद्ध आटोपलं आणि लेक पियानोपाशी बसली. दुसऱ्याच ओळीला तिचं बोट घसरलं. सवयीनं ती थांबली आणि तिनं बापाकडे पाहिलं. बुवांचं तोंड उघडलं होतं.

"वाजव, बाळ," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी थांबवलं, तेवढं पुरे झालं."

ती वाजवत राहिली. मध्ये चार वेळा चुकली, बुवांनी चारही चुका ऐकल्या. संध्याकाळची नाव धुक्यातून आली, थोडा वेळ थांबली आणि रिकामीच परत गेली.

तर लहानथोरांनो, घरात प्रत्येकानं केसभर सोडलं, तर कुणा एकालाच सगळं सोसावं लागत नाही.