उंबऱ्याबाहेरचे रुग्ण

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. ती घडली तेव्हा माझे पणजोबा रांगत होते, एवढी बारीक अडचण सोडली, तर तिच्यात काही खोट नाही.

तर एकदा एका नगरात तापाची साथ आली. तिथल्या वृद्ध वैद्यांची रुग्णशाळा भरली, मग पडवीही भरली. रोज सायंकाळी वैद्यांच्या शिष्याने चावडीवर रुग्णांचा आकडा सांगायचा आणि त्याप्रमाणे नगराने दुसऱ्या दिवशीचे तांदूळ नि औषध पाठवायचे, असा रिवाज होता.

आकडा वाढू लागला तसा नगरातला मोठा व्यापारी अस्वस्थ झाला. त्याने शिष्याला गाठले.

"अहो पंडित, वर्षाचा बैलबाजार तोंडावर आलाय. तुमचा आकडा ऐकून बाहेरचं एक गिऱ्हाईक फिरकायचं नाही. आणि मला सांगा, उंबऱ्याच्या आत खाट मिळाली, तो रुग्ण. पडवीत पडलाय, तो अजून दाखल कुठे झालाय?"

शिष्याला हे अगदी शास्त्रशुद्ध वाटले. त्या सायंकाळी त्याने 'वीस' सांगितले. व्यापाऱ्याने चावडीवर साखर वाटली.

दुसऱ्या दिवशी वैद्यांनी स्वतः पेज रांधली. शिष्य वाढत निघाला, आणि नेमकी उंबऱ्यापाशी पळी पातेल्याच्या बुडाला लागली. पडवीतली एक म्हातारी वाडगा पुढे करून म्हणाली, "काय रं, वास आमाला आन् पेज त्यांना?"

शिष्य धावत आत आला. "गुरुजी, पेज संपली! पडवीत चाळीस माणसं उपाशी आहेत!"

"कोण चाळीस?" वैद्य चूल फुंकत म्हणाले. "नगरात वीसच आजारी आहेत. काल तूच सांगितलंस ना?"

वैद्यांनी कोपऱ्यातले झाकलेले दुसरे पातेले पुढे सरकवले.

"हे माझ्या घरच्या तांदळाचं. आजचं भागेल, उद्याला दाणा नाही. बाळा, ज्यांना उठून चावडीपर्यंत जाता येत नाही, त्यांच्या वतीने तू तिथे हाक मारत असतोस. काल तू चाळीस जणांचं तोंड दाबलंस."

त्या सायंकाळी व्यापारी चावडीवर पुढेच बसला होता. शिष्य त्याच्यासमोर उभा राहिला. "साठ. आणि काल सांगितलेला आकडा खोटा होता."

"अरे, बाजार बुडेल!"

"साठ," शिष्य आणखी मोठ्याने म्हणाला. "उद्या सत्तर झाले, तर सत्तर सांगेन."

हे ऐकून व्यापाऱ्याने हात जोडले आणि बाजार पुढे ढकलला, असे मी व्याख्यानात सांगतो, टाळ्या पडतात. तेवढा भाग माझ्या पदरचा. बाजार भरलाच. तांदूळ मात्र साठ जणांचे आले.