आबासाहेबांचा प्रिंटर

माणूस घाबरला की एकतर पाय चालतात, नाहीतर डोकं. मला तर पळायची सोय नव्हती.

पतसंस्थेचे चेअरमन आबासाहेब गरजले, "एकाच वायरीत ग्राहकांचं वायफाय ऑफिसच्या कॉम्प्युटरांपासून वेगळं? व्हीलॅन म्हणे! त्यासाठी नवा मॅनेज्ड स्विच, वायरी जोडायचा महागडा डबा? मला खुळा समजतोस? उद्याच आमचा गाळा खाली कर!"

गाळा गेला की माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकानच गेलं. मी बाहेर ग्राहकांच्या बाकावर बसलो आणि भिंतीवर लिहिलेला वायफायचा पासवर्ड मोबाईलमध्ये घातला. आत आबासाहेबांच्या टेबलावरचा प्रिंटर घरघरला. कागद निघाला: 'आबासाहेब, बाकावरून बोलतोय. आत येऊ का?'

ते पांढरेफटक होऊन बाहेर आले. "इथून आणखी काय काय दिसतं रे?"

"मी पाहिलं नाही, आबासाहेब. पण मला कुणी अडवलंही नाही."

"स्विच आण आधी," ते पुटपुटले. "गाळा कुठं पळून जातोय?"