शिंपीण आणि शेजारची वेल

एका जंगलात, ओढ्याकाठच्या भोकरीवर एक शिंपीण राहत असे. मुलांनो, शिंपीण म्हणजे चोचीची सुई करून पानाला पान शिवणारी चिमुकली पक्षीण. भोकरीची दोन रुंद पाने कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्याने शिवली, की झाले तिचे घरटे. टाके घट्ट असत, पिल्ले गुटगुटीत असत. तरी शिंपिणीचा जीव काही थाऱ्यावर नसे. टाका उसवला तर? वारा सुटला तर? आणि सगळ्यांत मोठी टोचणी म्हणजे शेजारची बुलबुल! तिच्या करंजावर कुठल्याशा दूरदेशीची एक वेल चढली होती. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत हिरवीगार झूल, वर पांढऱ्या फुलांचे झुबके. आतले घरटे ससाण्यालासुद्धा दिसायचे नाही.

"आमच्याकडे ऊन म्हणून लागत नाही बाई," बुलबुल तुरा डोलवीत म्हणायची. "तुझं आपलं हवेशीर आहे हो."

हवेशीर! तो शब्द शिंपिणीला दिवसभर खुपत राही. बुलबुल तासन्‌तास घराबाहेर असे, त्याचाही तिला हेवा वाटे. 'असलं घर मिळाल्यावर काय, हिंडायला मोकळी! नाहीतर मी. पोरांना दोन पानांत गुंडाळून ठेवणारी आई.' खरे तर तिला खाण्यासाठी चार फांद्यांपलीकडे जावेच लागत नसे. भोकरीचे पान उलटले की अळी हजर. पण ते तिच्या कधी ध्यानातच आले नाही.

थंडी सरता सरता वेलीची फुले सुकली आणि बियांना कापसासारखे मऊ तंतू फुटले. घरट्याला आतून मऊ अस्तर लावायचे, ही शिंपिणींची रीतच. दरवर्षी ती सावरीचा कापूस आणी. यंदा मात्र बुलबुल बाहेर गेलेली पाहून ती गुपचूप वेलीवर गेली आणि चोच भरभरून तिथले तंतू घेऊन आली. 'माझीही पिल्लं आता तसल्याच गादीवर लोळतील!' अस्तर झकास झाले. तंतूंबरोबर आलेल्या बिया मात्र भोकरीखाली सांडल्या आणि पावसात रुजल्या. कोवळी वेल बुंध्याला बिलगली तेव्हा शिंपीण येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटली, "आमच्याकडेही आली हो वेल!"

पुढच्या वर्षी वेल शेंड्याला पोचली. ऊन मिळेना तशी भोकरीची पाने पिवळी पडून गळू लागली. त्या पानांवर जगणाऱ्या अळ्या वेलीच्या पानाला तोंड लावीनात, आणि फुलपाखरेही अंडी घालायला येईनाशी झाली. उरलीसुरली दोन पाने शिवून शिंपिणीने तीन पिल्ले काढली खरी, पण त्यांच्या चोचीत घालायला काही मिळेना. शेवटी ती ओढा ओलांडून पार पलीकडच्या झाडांवर गेली. तिथे तिला बुलबुल दिसली, अगदी अंगाने निम्मी झालेली.

"अगं, तू इतक्या लांब कशी?" शिंपिणीने विचारले.

"मी तर पहिल्यापासून इथेच येते," बुलबुल म्हणाली. "वेलीखाली करंज केव्हाच वाळला. ना किडा, ना अळी. तुझी भोकर बघून जीव जळायचा गं माझा."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

बुलबुल ओशाळली. "तू इतक्या हेव्याने बघायचीस ना... मला बरं वाटायचं."

सापडलेली एकुलती एक अळी चोचीत धरून शिंपीण घरी आली आणि सगळ्यांत अशक्त पिल्लाला तिने ती भरवली. उरलेल्या दोन चोची उघड्याच होत्या. दम न घेता ती पुन्हा ओढ्याकडे उडाली.

तात्पर्य : हेवा करणाऱ्याला शेजारच्या घरची हिरवाई दिसते, तिथली भूक दिसत नाही, आणि ती हिरवाई घरी आणली, तर भूकही मागोमाग येते.