अकरा वाट्यांतलं तेल

मंडळी, एक विचारतो. आपली पुंजी ठेवताना माणसानं विश्वास कोणावर ठेवावा? भावावर, पेढीवर, की घरच्या माणसावर? उत्तराची घाई नको. आधी खंडप्पाची गोष्ट ऐका.

एकदा एका बाजारपेठेत खंडप्पा नावाचा करडईच्या तेलाचा व्यापारी राहत होता. धंद्यात असा चोख, की नोकर तेल या डब्यातून त्या डब्यात ओतताना दिसला की ओरडायचा, "भांडी बदलू नको रे! प्रत्येक भांडं आपला वाटा चाटून घेतं!" पण घरच्या पैशाच्या बाबतीत त्याचा कोणा एकावर भरवसा नव्हता. एकानं बुडवलं तरी दहा उरतील, म्हणून त्यानं पुंजी अकरा ठिकाणी विखुरली. थोडी मेव्हण्याकडे, थोडी सोनाराकडे, दोन भिश्या, पतपेढ्या, आणखी कुठे कुठे. लिहून काही ठेवलं नाही. कोणी वाचलं तर? पत्नी सुभद्राबाई विचारी, तेव्हा तो हसून कपाळावर बोट टेकवी. "सगळं इथं आहे."

एके वर्षी सुभद्राबाईंच्या डोळ्यांत कळा सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, "शेठजी, आठ दिवसांत शहरात नेऊन शस्त्रक्रिया करा. नाहीतर नजर जाईल."

खंडप्पा पैसे गोळा करायला निघाला. मेव्हणा म्हणाला, "दाजी, आधी सांगायचं नाही का? मी म्हशी घेतल्या की!" सोनार यात्रेला गेलेला. भिशीची पाळी दोन महिन्यांनी. एका पेढीची पावती सापडेना, आणि अकरावं ठिकाण तर आठवेचना. उसने मागायला अब्रू आडवी आली. एवढी पुंजी असताना हात पसरायचा? घरी मात्र तो रोज सांगे, "जमतंय, काळजी करू नकोस." रक्कम जमली तेव्हा सतरावा दिवस होता. सुभद्राबाईंची नजर गेली.

पुढं कित्येक दिवस त्याला अन्न गोड लागेना. शेवटी तो टेकडीवरच्या मठात आपल्या वृद्ध गुरूंकडे गेला. लहानपणी त्यांनीच त्याला अक्षरं गिरवायला शिकवली होती. गुरुजींनी सगळं ऐकलं आणि तेलानं भरलेला तांब्या पुढं केला. "हे अकरा वाट्यांत ओत. वाट्या मठभर निरनिराळ्या जागी ठेवून ये."

शिष्यानं निमूटपणे तसं केलं. तो परतताच गुरुजी म्हणाले, "गाभाऱ्यातली समई विझत आली आहे. तेल आण."

वाट्यांतलं तेल पुन्हा तांब्यात गोळा करायला खंडप्पा धावला. एक वाटी मांजरानं लवंडली होती, एक कुठं ठेवली तेच आठवेना. तो गाभाऱ्यात पोचला तेव्हा वात नुसती धुमसत होती.

"किती भरलं?" गुरुजींनी विचारलं.

"पाऊण तांब्या. बाकीचं सांडलं, हरवलं... आणि वाट्यांना लागलं. ते लागतंच, गुरुजी."

"हे तुला ठाऊक होतं?"

"तेलाचं ठाऊक होतं," खंडप्पा म्हणाला.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "बाळा, दोन-तीन भांडी ठेवणं हे शहाणपण आहे. अकरा भांडी हे भय आहे. तुला कोणी लुबाडलं नाही. गरजेच्या वेळी जे हाताशी येत नाही, ते आपलं असूनही आपलं नसतं. मी तुला अक्षरं कशाला शिकवली होती?"

खंडप्पानं घरी येऊन कोरी वही काढली. जे उरलं ते दोन ठिकाणी आणलं, आणि लिहिलेली प्रत्येक ओळ सुभद्राबाईंना वाचून दाखवली. "अकरावं मात्र गेलंच म्हणायचं," तो म्हणाला. "अजून आठवत नाही."

सुभद्राबाई तांदूळ निवडत होत्या, बोटांनी चाचपून. त्या म्हणाल्या, "भुसार आळीतली पतपेढी. तुम्ही झोपेत बडबडला होतात."

खंडप्पाच्या हातातली लेखणी थांबली. "मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तुम्ही विचारलंत कुठं? म्हणायचात, सगळं इथं आहे."

मंडळी, म्हणून हात जोडून एवढंच मागतो. हिशेब थोडका ठेवा, खरा लिहा, आणि घरातल्या माणसाला वाचून दाखवा. नजर आहे तोवर.